गोगलगाईचा पाय

प्रिय गोगल,

एकतीस वर्षं आणि चार महिन्यांनी तुला या नावाने हाक मारतोय. चालेल ना? तुझं खरं नाव लिहून बघितलं, तर ते मला परक्या बाईचं वाटलं, आणि परक्या बाईला एवढं लांबलचक पत्र लिहिण्याइतकं माझं डोकं अजून फिरलेलं नाही. पत्ता नऊ वर्षांपूर्वीच्या पाकिटावरून घेतला. सर गेले तेव्हा तू संग्रहालयाला दोन ओळी पाठवल्या होत्यास, त्या पाकिटाच्या मागे तो होता. 'सरांनी मला बघायला शिकवलं. बाकीचं मी विसरले.' तो कागद सूचनाफलकावर तीन आठवडे टाचलेला होता. चौथ्या आठवड्यात मी तो काढून घरी आणला. चोरी म्हण हवं तर. त्या फलकापुढे उभं राहणाऱ्यांपैकी 'बाकीचं' म्हणजे काय हे फक्त मला ठाऊक होतं, आणि म्हणून ते तिथे लटकलेलं मला बघवेना.

तुला वाटेल, हा बाबा अजून तिथेच आहे की काय. आहे. संग्रहालयाच्या आवारातला आपला छापखाना गेला, मी राहिलो. मालक थकले, त्यांच्या मुलांना शाईचा वास सोसेना, यंत्रं भंगारात गेली. खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या अक्षरांच्या, केसेस तेवढ्या संग्रहालयाने ठेवून घेतल्या आणि आता त्यांच्या खणांत वनस्पती विभागाच्या बिया असतात. इंग्रजी 'ई' सगळ्यात जास्त लागतो, त्याचा खण सगळ्यात मोठा, म्हणून त्यात सगळ्यात मोठ्या बिया. म्हणजे माझी एवढ्या वर्षांची मांडणी त्यांनी आकारावर नेऊन ठेवली. आपल्या दोन खोल्या मात्र तशाच आहेत. बाहेरच्या खोलीत मालकांच्या टेबलाच्या जागी संग्रहालयाच्या इंग्रजी पत्रिकेच्या कपाटांची रांग, आणि आत, मी उभा राहून खिळे जुळवायचो तिथे, स्कॅनर. उंबऱ्याजवळचा शाईचा डाग गेलेला नाही. तुझी स्पिरिटची बाटली फुटली तेव्हा त्या डागाच्या मधोमध पांढरा ठिपका पडला होता, तोही आहे. नव्या लोकांना वाटतं ती फरशीचीच नक्षी. मी खुलासा करत नाही.

तू पहिल्यांदा आलीस तेव्हा आपलं भांडण झालं होतं, आठवतं? तू संग्रहालयात नुकतीच लागली होतीस, सरांच्या हाताखाली, तात्पुरती म्हणून. प्रुफं न्यायला आलीस. डोळ्यांवर तो बशीएवढा चष्मा, हातात काड्यापेट्यांची चळत, आणि प्रत्येक पेटीत कापसावर एक शंख. मी म्हटलं, पान सहावर या किड्याच्या नावात दोन 'आय' आहेत आणि पान अकरावर एकच. तू मला वरपासून खालपर्यंत बघितलंस आणि म्हणालीस, 'तुम्हाला काय कळतं हो त्यातलं?' मी म्हटलं, कळत काहीच नाही, पण मोजता येतं. तू बघितलंस. चष्मा काढून पुसलास, पुन्हा बघितलंस. मग दोन्ही पानं दुरुस्त केलीस आणि जाता जाता दारातून म्हणालीस, 'चहा कुठे मिळतो इथे, जुळारी?' छापखान्यात मला सगळे कंपोझिटर म्हणायचे. खिळे जुळवणारा तो जुळारी, हा जुना शब्द तू कुठून काढलास कोण जाणे. त्या दिवसापासून मी जुळारी झालो, आणि मालकांनी तुझा चष्मा आणि तुझी गोगलगाय एकत्र करून तुला गोगल केलं.

मागच्या जिन्याच्या तेरा पायऱ्या. त्यातल्या चौथीवर तू, पाचवीवर मी, मध्ये दोन पेले. मी नववीत शाळा सोडलेला माणूस, पण तोपर्यंत हजारभर लॅटिन नावं मला हातात पाठ होती. तोंडाने म्हणायला सांगितलं असतं तर अडखळलो असतो. बोटं मात्र बरोबर त्या त्या खणात जायची. त्याचा मला केवढा तोरा! तू एखादं नाव अर्धं म्हणायचीस आणि मी उरलेल्या अक्षरांचे खण हवेत बोट फिरवून दाखवायचो. तू हसायचीस, पण चेष्टेने नाही. माझ्या अख्ख्या आयुष्यात मला कुणी परीक्षेला बसवलं नव्हतं. तू रोज बसवायचीस आणि रोज पास करायचीस.

आणि तो दिवस. तू टेकडीच्या गोगलगाई वेचायला सुरुवात करून दुसरं वर्ष होतं. पाऊस ओसरला की तू सकाळी जायचीस, मान खाली घालून, तिथल्या जुन्या भिंतींच्या कडेकडेने, इतकी हळू की खालचा चौकीदार विचारायचा, बाईंचं काही हरवलंय का. त्या दिवशी एका पेटीत तू बारा शंख आणले होतेस, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे, सगळे एकाच जातीचे म्हणून. पेटी माझ्यापुढे धरलीस. मी बघितलं आणि सहज बोलून गेलो, यातला एक खिळा उलटा लागलाय. खिळ्यावरचं अक्षर आरशातल्यासारखं असतं. दिवसाचे दहा तास मी उलटंच वाचायचो, 'बी' आणि 'डी'ची गल्लत करणाऱ्याला आमच्यात उभं करत नसत. अकरा शंखांची तोंडं उजवीकडे उघडत होती आणि एकाचं डावीकडे. तुझा पेला पायरीवरून घरंगळत गेला. तू तशीच पळत सरांकडे गेलीस. तो शंख म्हणजे वेगळी जात निघाली, अशी की आपल्या भागात ती आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सरांच्या लेखात तिचा क्रमांक सत्तावीस. तिच्याखाली तू हट्टाने तीन ओळींची टीप घालायला लावलीस: हा शंख डाव्या वळणाचा असल्याचं प्रथम छापखान्यातील अमुक यांच्या ध्यानात आलं. अमुक म्हणजे मी, नावानिशी, आडनावानिशी. छापखान्यातल्या माणसाचं नाव आत मजकुरात! मालक आठवडाभर मला 'या शास्त्रज्ञ' म्हणत होते.

आता हल्लीचं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय मला पुढचं सांगता येणार नाही. संग्रहालयाने आपल्या पत्रिकेचे अठ्ठावन्न वर्षांचे सगळे अंक संगणकावर चढवायला घेतले आहेत. एकूण दोनशे बत्तीस अंक, त्यातले दोन गहाळ होते, ते मी शोधले. आजवर ते कुलपात होते. लांबून कुणी एक पान मागितलं तरी ग्रंथपाल महिनाभर लावायचे. आता कुणीही, कुठूनही उघडावं आणि वाचावं. मी पान स्कॅनरवर ठेवतो, त्याचं चित्र निघतं, मग यंत्र त्या चित्रातली अक्षरं ओळखतं. ओळखतं म्हणजे अंदाज करतं. 'आर' आणि 'एन' शेजारी आले की त्याला 'एम' दिसतो. 'एल'ला ते एक समजतं. एका बेडकाचं नाव त्याने असं वाचलं होतं की तो टेलिफोन नंबर वाटत होता. ते सगळं मी सुधारतो. माझ्या पदाला 'मजकूर-साहाय्यक' म्हणतात. त्या नावाला मी लेखी हरकत घेतली आहे, कारण साहाय्य यंत्र करतं, मजकूर मी बघतो.

पण खरी गंमत त्याच्या पुढे. आमच्याकडे संगणकाच्या एक बाई आहेत, चाळिशीच्या, जुळ्यांची आई, आणि मला काका म्हणतात. माझं वय छप्पन्न. मी काका कसा? असो. त्यांनी असा एक प्रोग्रॅम लिहिलाय की शुद्ध केलेला मजकूर त्यातून गेला की तो प्रत्येक नोंदीतली माहिती वेचून काढतो आणि तक्त्यात मांडतो. जीव कुठला, कुठे सापडला, केव्हा, किती उंचीवर, कुणी वेचला, कुणी ओळखला. एकेक रकाना. हे तक्ते मग जगभरच्या तक्त्यांना जोडले जातात. परवा बाईंनी विचारलं, धरण व्हायच्या आधी नदीच्या या बाजूला कुठले बेडूक होते? आणि बटण दाबलं. सतरा जाती, तारखांसकट. मला तीन दिवस लागले असते. मी त्यांना दीड दिवस सांगितलं. गोगल, तुला हे बघायला हवं होतं. माणसं मेली, बाटल्यांतलं स्पिरिट उडालं, कपाटांना वाळवी लागली, पण पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी चिखलात उभं राहून जे बघितलं, ते ओळ न् ओळ पुन्हा उजेडात येतंय. आणि त्यातल्या कितीतरी ओळी माझ्या हाताने लागलेल्या आहेत.

मागच्या महिन्यात आपल्या गोगलगाईंच्या लेखाची पाळी आली. पानं मी स्वतः ठेवली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. तक्ता तयार झाला. एक्केचाळीस नोंदी. नाव, जागा, तारीख, उंची, सगळं भरलेलं, आणि 'कुणी वेचलं' हा रकाना चाळीस ठिकाणी लाल. लाल म्हणजे रिकामा. बाई म्हणाल्या, 'काका, असं कसं? तुमच्या पत्रिकेत मागच्या पुढच्या सगळ्या लेखांत वेचणाऱ्याचं नाव आहे, याच्यातच का नाही?' मी म्हटलं, बघतो. मला काहीही बघायचं नव्हतं. पण तू माझ्यासारखीच मोजणारी आहेस, तुझ्या ध्यानात आलं असेल: नोंदी एक्केचाळीस, रिकाम्या चाळीस. सत्ताविसावी भरलेली होती. यंत्राला त्या नोंदीत एका माणसाचं नाव सापडलं होतं, टिपेतलं, आणि त्याने अंदाज केला. क्रमांक सत्तावीस, डाव्या वळणाची गोगलगाय, वेचणारा: मी.

मी ते तिथल्या तिथे खोडायला हवं होतं. उद्या खोडू म्हणून राहिलं, आणि तक्ता जगात गेला. बारा दिवसांनी पत्र आलं. फार लांबच्या एका विद्यापीठातल्या बाई, आयुष्यभर गोगलगाईंवर काम केलेल्या. त्यांनी लिहिलं होतं की ही जात त्यानंतर कुणालाच सापडलेली नाही. ती अजून आहे की संपली हे बघायला त्या येणार आहेत. लेखात 'जुनी भिंत, पूर्वेची बाजू' एवढंच आहे आणि नकाशावर तर भिंती दोन दिसतात. तर आपण ती वेचली ती नेमकी कुठल्या भिंतीवर, आणि आपली त्या वेळची वही आहे का? आपण म्हणजे मी. आणि आणखी एक: टेकडीची दगडखाण एका भिंतीच्या पायथ्यापर्यंत आली आहे, म्हणून जरा लवकर कळवावं. ऑफिसात ते पत्र मोठ्याने वाचलं गेलं. टाळ्या झाल्या. चहा झाला. संचालक म्हणाले, आपल्यातच हिरा होता आणि आपण त्याला पानं पलटायला बसवलं. माझा फोटो काढला, स्कॅनरपाशी, आणि तासाभरात तो भिंतीवर लागलाही. आणि गोगल, खोटं कशाला सांगू, सकाळी अकरापासून दुपारी सव्वातीनपर्यंत मला फार बरं वाटलं.

सव्वातीनला संगणकाच्या बाई त्यांच्या नव्या मदतनीस बाईंना प्रोग्रॅम समजावून देत होत्या. म्हणाल्या, बघा, या याद्यांमध्ये 'लेग' असं येतं, एल, ई, जी आणि टिंब. ते दिसलं की पुढे येणारं नाव वेचणाऱ्याचं. ते लॅटिन आहे. नाहीतर कुणाला वाटायचं, पाय! दोघी हसल्या. मी माझ्या खुर्चीत होतो. मीही हसलो.

आता ते सांगतो जे तू विसरलीस असं तू लिहिलंस. तो अंक दोन फॉर्म्यांचा ठरला होता, बत्तीस पानं, त्याच्यावर एक ओळ जास्त चालणार नव्हती. पहिलं प्रूफ तू स्वतः वाचलंस, तुझ्या पेन्सिलीने सुधारलंस आणि पुन्हा टेकडीवर निघून गेलीस. मग पानं लावताना कळलं की अडतीस ओळी जास्त होताहेत. सरांना ताप होता. मालकांनी फोन केला, सर म्हणाले, करा काय ते. मालक मला म्हणाले, ती सत्ताविसाव्या नोंदीखालची तुझी टीप उडव, तीन ओळी सुटतील, बाकीच्या शोध. टिपेला मी हात लावला नाही. बाकीच्या शोधल्या. प्रत्येक नोंदीच्या शेवटी 'लेग.' आणि तुझं नाव होतं, आणि तेवढ्यासाठी प्रत्येक ठिकाणी एक ओळ जास्त जात होती. एक्केचाळीस नोंदी, एक्केचाळीस ओळी. तोवर आमच्या याद्यांत वेचणाऱ्याचं नाव पूर्ण शब्दांत यायचं, हा तुटका शब्द मी पहिल्यांदाच बघत होतो. लेग म्हणजे पाय. शब्दकोशातून शिकलेलं माझं इंग्रजी, त्यात शंकेला जागाच नव्हती. आणि गोगलगाईला कुठला आलाय पाय? मी मनाशी ठरवलं की तू पायांची मापं घेतली असणार, मापं लिहायची राहिली असणार, आणि अर्धवट माहिती छापायची नाही हा छापखान्याचा नियम. तुला हसू येईल, पण मला असंही वाटलं की मी तुला वाचवतोय. उद्या कुणी म्हणायला नको, या बाईंनी गोगलगाईला पाय लावले. निळी पेन्सिल घेतली आणि एक्केचाळीस वेळा मारली. अडतीस हव्या होत्या, एक्केचाळीस मिळाल्या. टीप तर वाचलीच, वर तीन ओळींची मोकळी जागा सुटली. फार देखणं पान झालं होतं ते.

चूक एवढीच असती तर मी ती एकतीस वर्षं पोटात ठेवली नसती. तू टेकडीवर होतीस हे खरं. पण सरांच्या खोलीत दुसरे तीन जण बसलेले होते आणि आमच्या दारापासून ती खोली बेचाळीस पावलांवर. जाऊन विचारायचं, हा शब्द काय आहे हो? बस. पण मग त्यांना कळलं असतं की जुळाऱ्याला हजार नावं पाठ आहेत आणि तीन अक्षरी शब्द ठाऊक नाही. ती बेचाळीस पावलं मी चाललो नाही. सरांनी शेवटच्या प्रुफावर तापातच सही केली.

अंक आला त्या दिवशी तू सरांच्या खोलीत होतीस आणि मी गठ्ठा घेऊन दारात. दोन वर्षं वेचलेल्या एक्केचाळीस जाती, आणि तुझं नाव कुठेही नाही. माझं आहे. तू फार सावकाश पानं उलटलीस, जशी भिंती बघायचीस तशी. मग म्हणालीस, पहिल्या प्रुफात माझं नाव होतं, सर, मी डोळ्यांनी बघितलंय. सर गोंधळले. म्हणाले, मी काढलेलं नाही, छापखान्यात काही झालं असेल. आणि तू माझ्याकडे बोट केलंस. ते वाक्य मला काना-मात्रेसकट पाठ आहे. 'जुळारी चुकत नाही, सर. तो कागदावर असतं तेच लावतो. दुसऱ्या कुणावर ढकला.' सरांनी माझ्याकडे बघितलं. तूही बघितलंस, पण तू साक्षीदाराकडे बघतात तसं बघितलंस. तोपर्यंत मला तो शब्द खरंच ठाऊक नव्हता, पण ओळी मी काढल्या हे तर ठाऊक होतं! एवढं म्हणायचं होतं, मी काढल्या. पण आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी भरल्या खोलीत म्हणालं होतं की मी चुकत नाही. मी गठ्ठा टेबलावर ठेवला, प्रती मोजल्या आणि निघून आलो. तू चार दिवसांनी राजीनामा दिलास. जाताना छापखान्यात आलीस, एक रिकामी काड्यापेटी ठेवलीस आणि म्हणालीस, 'तू मात्र असाच राहा रे.' राहिलो की.

दीड महिन्याने पुढचा अंक लावत होतो. शेवाळांची यादी होती. त्यातही 'लेग.' शेवाळाला पाय! त्या दिवशी मी ती बेचाळीस पावलं चाललो, आणि आणखी वर जिना चढून ग्रंथालयात गेलो. लॅटिनचा जाड कोश काढला. वेचणे, गोळा करणे. त्याच क्रियापदाचा खाली दुसरा अर्थ दिला होता: वाचणे. एकच शब्द, दोन्हीला. आपल्या मराठीतसुद्धा वेचणं आणि वाचणं यांत तेवढाच फरक, मात्रेच्या जागी काना. तू वेचलंस, आणि ज्याने वाचायचं त्याने वाचलं नाही. मी तुझ्या जुन्या पत्त्यावर पत्र लिहिलं, ते फाडलं, आणखी एक लिहिलं, तेही. सरांना सांगायचं ठरवून चार वेळा त्यांच्या खोलीत गेलो आणि चार वेळा प्रुफांबद्दल बोलून परत आलो. ते मला कधीही काही बोलले नाहीत. मात्र तेव्हापासून सरांनी दिलेल्या एकाही हस्तलिखितात 'लेग.' नव्हतं. मरेपर्यंत ते इंग्रजीत पूर्ण शब्द लिहीत राहिले, 'वेचणारी व्यक्ती', प्रत्येक नोंदीला, ठळक, सुवाच्य अक्षरात. म्हणजे त्यांना कळलं होतं. तुझा अबोला त्यांनी स्वतःवर घेतला आणि मला ओळखू येईल एवढीच शिक्षा दिली. हे तुला सांगायला मी त्यांच्या हयातीत यायला हवं होतं. त्याची भरपाई माझ्याकडे नाही.

बायकोला हे सगळं त्या फोटोच्या दिवशी सांगितलं. ती शिवणकाम करते. तिने सुई खाली ठेवली नाही, पण टाका थांबवला. म्हणाली, एवढी वर्षं मी समजत होते की तुमच्या मनात त्या बाई आहेत. तुमच्या मनात तर एक शब्द होता! मी म्हटलं, दोन्ही होतं. ती म्हणाली, ते मला दिसतंय, आता उसवायला बसा, नाहीतर मीच लिहिते त्यांना. आणि तिने लिहिलंही असतं, अशुद्ध, म्हणून मी बसलो.

दुसऱ्या दिवशी संचालकांना जाऊन सांगितलं. फोटो उतरवला, मीच उतरवला, खिळ्यासकट. संगणकाच्या बाई म्हणाल्या, चला, रकाने भरून टाकते, एका मिनिटाचं काम. मी म्हटलं, भरायचे नाहीत. आमचा नियम आहे, छापील पानावर नाही ते तक्त्यात घालायचं नाही, आणि तो नियम माझ्या सोयीसाठी मोडायचा नाही. पान दुरुस्त करायचं ते पानानेच. म्हणून पत्रिकेच्या येत्या अंकात शुद्धिपत्र जातंय. पुरावा म्हणून ते पहिलं प्रूफ सोबत छापायचं आहे, तुझ्या पेन्सिलीचं आणि माझ्या निळ्या रेघांचं. ते मी जपून ठेवलं होतं, तुझ्या काड्यापेटीबरोबर. शुद्धिपत्रात एक्केचाळीस ओळी आहेत, प्रत्येक ओळीत तुझं नाव, आणि शेवटी एक वाक्य की ही नावं गाळण्याची चूक लेखकाची नसून खाली सही करणाऱ्या जुळाऱ्याची आहे. सही केली आहे. तो अंक यंत्रातून गेला की तक्त्यातल्या चाळीस लाल चौकटी भरतील आणि सत्ताविसाव्यातून मी निघेन. पण या वेळी मी कुणाच्या तापात काही छापणार नाही. त्यासाठीच हे पत्र. सोबत शुद्धिपत्राचं प्रूफ ठेवलंय, समास मोठा सोडला आहे. ते तू वाच. तुझं नाव आता वेगळं लिहीत असशील तर तसं कर, माझ्या वाक्यात काही कमी पडत असेल तर वाढव, आणि हे सगळं नकोच असेल तर आडवी रेघ मार. ती मी जशीच्या तशी लावीन. आणि जमलं तर सत्तावीस क्रमांकाच्या शेजारी, कोपऱ्यात, एवढंच लिही की भिंत कुठली होती. लांबच्या बाईंना मी कळवलं आहे की मला ठाऊक नाही, मी फक्त उलटा खिळा ओळखला होता. ज्यांनी वेचली त्यांना विचारतो. अंक थांबवून ठेवला आहे. प्रुफाची वाट बघतोय.

तुझाच
(हा 'च' बायकोने वाचला, आणि राहू दिला)
जुळारी